सासूबाई गोड बोलू लागल्या

६ जानेवारी, सोमवार

आजपासून मी आमच्या हॉस्पिटलची औषध-सुरक्षा समन्वयक. पद नवीन, खुर्ची तीच, पंखाही तोच, जो फिरताना मान हलवून नाही म्हणतो. संचालक डॉ. कमलाकांत यांनी सगळ्या स्टाफसमोर पुष्पगुच्छ दिला आणि म्हणाले, दामिनी सिस्टरच्या नजरेतून एकही चुकीची गोळी सुटणार नाही. टाळ्या झाल्या. मग पुष्पगुच्छ माझ्याकडून परत घेतला, कारण दुपारी आणखी कुणाचा तरी सत्कार होता.

महिना-दीड महिन्यात मानांकनाचं तपासणी पथक यायचं आहे. त्याआधी हॉस्पिटलमध्ये औषध-सुरक्षा दिसली पाहिजे. ती असली पाहिजे असं काही कुणी म्हणालं नाही. ही डायरीसुद्धा एका औषध कंपनीने वाटली. प्रत्येक पानाच्या तळाशी पित्ताच्या गोळीची जाहिरात आहे. माझ्या आयुष्याबद्दल कंपनीचा अंदाज बरोबर आहे.

घरी आले तर दुसरी नेमणूक वाट पाहत होती. सासूबाई वरूडहून आल्या आहेत, मुक्कामाला. पार्वताबाई, वय चौऱ्याहत्तर, संत्र्याच्या बागेच्या एकट्या मालकीण. सासरे गेल्यापासून बाग त्याच पाहतात. संत्र्याचे व्यापारी त्यांच्याशी बोलताना टोपी हातात घेतात म्हणे. हल्ली पायांना मुंग्या येतात, अंगाला खाज सुटते आणि लघवीला सारखं उठावं लागतं, म्हणून माझ्या नवऱ्याने, गजेंद्रने आईला आणलं. आल्या आल्या त्यांनी माझं घर पाहिलं आणि म्हणाल्या, "दोघं कमावता, अन् पडदे असे?"

११ जानेवारी, शनिवार

शेखर भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, अकोल्याला असतात. तिथल्या सगळ्या मोठ्या डॉक्टरांशी त्यांची ओळख आहे आणि ती वापरली नाही तर वाया जाते असं त्यांना वाटतं. आज ते गाडी घेऊन आले आणि आईला अकोल्याला घेऊन गेले. एका दिवसात तीन डॉक्टर. लघवीचे, त्वचेचे आणि नसांचे. चौथ्याकडेही न्यायचं होतं, पण त्यांचा दवाखाना शनिवारी अर्धाच दिवस असतो.

प्रत्येकाने फक्त आपापला भाग तपासला. शेतीच्या वाटण्या होतात तशा सासूबाईंच्या वाटण्या झाल्या. संध्याकाळी परतल्या त्या गोळ्यांची पिशवी घेऊन. लघवी रोखायची एक, खाजेची एक, मुंग्यांची एक. बीपीची आधीपासून होतीच.

मी ताबडतोब कप्प्यांची डबी आणली, वार लावले, गोळ्या भरल्या. योग्य व्यक्ती, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. वॉर्डात पोरींना हे पाच मुद्दे शिकवताना घसा बसतो. घरी मी ते एका चहात उरकले. गजेंद्र कौतुकाने म्हणाला की घरात नर्स असल्याचा हाच फायदा. लग्नाला एवढी वर्षं झाली, फायदा आज दिसला.

सासूबाईंनी डबी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "हे सारं मले कायले?" मी म्हटलं, डॉक्टरांनी दिलं आहे आई, घ्यायचं. मलाही पेशंटने फार प्रश्न विचारलेले आवडत नाहीत.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गोड बोला असं आपण दर वर्षी एकमेकांना सांगतो आणि कुणी ते मनावर घेत नाही. आज सासूबाईंनी घेतलं.

हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बाया आल्या होत्या. सासूबाई दिवाणावर बसून होत्या, जरा सुस्त. मी तिळगूळ दिला तर त्यांना गिळता येईना, तोंडाला कोरड पडली होती. दोन पेले पाणी प्यायल्या आणि माझा हात धरून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे होती म्हनून मी जगली. इच्यासारखं कोनी नाई."

मी ट्रे कसाबसा सांभाळला. या बाईंनी माझ्या लग्नात माझ्या आईला सांगितलं होतं की पोरगी नोकरीवाली आहे, एवढं एक सोडलं तर ठीक आहे. बाया गेल्यावर मी गजेंद्रला हे दोनदा सांगितलं. तो म्हणाला, आई म्हातारी होतेय. यात माझी काही कमाई असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

घरात शांतता. पडद्यांबद्दल शब्द नाही, भाजीत मीठ जास्त झालं तरी शब्द नाही. सासूबाई दुपारीही झोपतात, सकाळीही झोपतात. पोट साफ होत नाही म्हणतात, मी इसबगोल सुरू केलं. मोबाइलवरची अक्षरं पुसट दिसतात म्हणतात, मी म्हटलं चष्मा बदलू. थंडी आहे, वय आहे, जागा बदलली आहे. माणसाला काही ना काही होणारच.

मला बकुळा म्हणायला लागल्या आहेत. बकुळा त्यांची थोरली बहीण, केव्हाच वारली. लहानपणी हिनेच यांना सांभाळलं म्हणे. मला हा मान वाटला. काल माझ्या केसांना तेल लावून दिलं. माझ्या स्वतःच्या आईनेही इतक्या वर्षांत लावलेलं नाही. तेल कानात गेलं, पण मी हलले नाही.

दुपारी बागेची देखरेख करणारे रामराव यांचा फोन आला. व्यापारी मृग बहराच्या संत्र्यांचा सौदा करायला आला आहे, काय भाव सांगू, असं विचारत होते. सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तूच सांग. मले नाई समजत." ज्या बाईला प्रत्येक झाड माणसासारखं ओळखू येतं, तिने सौदा सोडून दिला. रामरावांनी तेच पुन्हा विचारलं. मी त्यांना सांगितलं की आईंना आता वैराग्य आलं आहे, सौदा तुम्हीच करून टाका. हे मी हसत सांगितलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज हॉस्पिटलमध्ये सगळ्या नर्सेसचा वर्ग घेतला. विषय: वयस्क रुग्ण आणि औषधांचे परिणाम. पडद्यावर मोठ्या अक्षरांत वाक्य टाकलं होतं: वयस्क रुग्णात नवीन लक्षण दिसलं, तर आधी विचारा, नवीन औषध कोणतं सुरू झालं? पोरींनी ते लिहून घेतलं. डॉ. कमलाकांत यांनी फोटो काढून घेतला, पथकाला दाखवायला. मग औषध-सुरक्षा सप्ताहाची रांगोळी स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस सिरिंजच्या रांगोळीला मिळालं. सुई वाकडी होती, पण रंग चांगले भरले होते.

घरी आले तेव्हा सासूबाई दिवाणावर बसून हवेतून काहीतरी तोडत होत्या. एक तोडायचं, ओच्यात ठेवायचं, पुन्हा हात वर. मी विचारलं, आई काय चाललंय? त्या म्हणाल्या, "संत्रं उतरवून राहिली. ट्रक उभा आहे ना." मग भिंतीकडे पाहून सासऱ्यांना सांगितलं, तुम्ही जेवून घ्या. भिंतीने काही उत्तर दिलं असावं, कारण त्या लाजल्या.

या वेळी मला हसू आलं नाही. गजेंद्रने शेखर भाऊजींना फोन लावला. शेखर भाऊजींना पाच मिनिटांत रोग कळला: हा म्हातारपणाचा भ्रम, स्मृती चालली. त्यांनी अकोल्यातल्याच एका मानसोपचारवाल्या ओळखीच्यांना विचारलं आणि फोनवरच एक शांत करायची गोळी ठरली. दुकानदार आमचा नेहमीचा, त्याने लगेच दिली. मी ती डबीत भरली. एक कप्पा कमी पडला, तेव्हा मुंग्यांच्या गोळीच्या कप्प्यातच टाकली.

रात्रीचं जेवण झाल्यावर गजेंद्र म्हणाला, आईची जमीन आता आपणच पाहावी लागेल. मी म्हटलं, आधी आईला पाहू. बरं वाटलं असं बोलून.

२९ जानेवारी, बुधवार

अक्षर वाईट आलं तरी आज लिहायचंच.

दुपारी वॉर्डात होते. एस.टी. स्टँडवरून फोन आला, एका कंडक्टरचा. म्हातारी बाई परतवाड्याच्या बसमध्ये बसली आहे, वरूडची दोन तिकिटं मागते आहे. एक स्वतःचं आणि एक मालकांचं, ते मागून येत आहेत म्हणते. बस वरूडला जात नाही हे पटवून घेत नाही. तिच्या मोबाइलमध्ये सगळ्यात वरचा नंबर माझा होता.

कामवाली भांडी घासत होती तेव्हा त्या दार उघडून निघाल्या होत्या. पायात माझी चप्पल, एका पायात. मी पोचले तेव्हा कंडक्टरने बस थांबवून ठेवली होती आणि सारे प्रवासी आमच्याकडे पाहत होते. सासूबाई शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून बसल्या होत्या, कुणी बसू नये म्हणून. मला पाहून म्हणाल्या, "बकुळा, तू कुठी गेली होती व? मी किती हाका मारल्या."

हात धरून उतरवलं तर त्या कळवळल्या. पोट नगाऱ्यासारखं टणक. सकाळपासून लघवी झाली नव्हती, आणि हे मला ठाऊक नव्हतं. लघवीला सारखं उठणं बंद झालं म्हणून मी खुशीत होते. गोळी लागू पडली असं मी गजेंद्रला सांगितलंही होतं.

रिक्षा करून आमच्याच हॉस्पिटलला आणलं. तातडीच्या विभागात डॉ. प्रतीक्षा ड्युटीवर होती, नवीन आहे, माझ्या निम्म्या वयाची वाटते. लघवीची नळी घातल्यावर सासूबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. मग प्रतीक्षाने सगळ्यांना विचारतात तो साधा प्रश्न विचारला. "सिस्टर, आजींना सध्या कोणती औषधं चालू आहेत?"

मी सांगायला लागले. लघवी रोखायला सोलिफेनासिन. खाजेला हायड्रॉक्सिझिन. मुंग्यांसाठी झोपताना अमिट्रिप्टिलिन.

तिथे मी थांबले. तिघी तीन डॉक्टरांकडून आल्या, पण काम एकच करतात. तोंड कोरडं, नजर पुसट, आतडं सुस्त, लघवी बंद. आणि म्हाताऱ्या डोक्यात धुकं. एकटी एक वेळ चालून जाते. तिघी एकत्र आल्या की माणूस हवेतून संत्री तोडतो. हे मला कुणी सांगायला नको होतं. शुक्रवारी मीच सांगितलं होतं, पडद्यावर.

"आणि चौथी?" प्रतीक्षाने विचारलं.

"भ्रमाची."

"भ्रम कधीपासून?"

"या तिघी सुरू झाल्यावर," मी म्हटलं.

ती मान खाली घालून लिहीत राहिली. ती काही बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या फिजिशियननी चारही गोळ्या बंद केल्या. बीपीच्या गोळीबद्दल विचारलं, तर तिच्यात अंगातलं पाणी लघवीवाटे काढून टाकणारं औषध निघालं आणि सासूबाई ती वरूडला रात्री झोपताना घ्यायच्या. मी डबी भरली तेव्हा तशीच रात्रीच्या कप्प्यात ठेवली होती. म्हणजे ज्या लघवीसाठी अकोला गाठलं, तिचं मूळ आमच्याच घरी होतं. आता ती गोळी सकाळी.

कालपर्यंत त्या चादरीवरून अदृश्य मुंग्या झटकत होत्या. दोन्ही हात पलंगाला बांधावे का, असं वॉर्डातल्या एका पोरीने मला विचारलं. मी स्वतः हात धरून बसले. आज सकाळी मुंग्या गेल्या. दुपारी त्यांनी मला दामिनी म्हटलं. मी बाहेर जाऊन रडले. आनंदाने रडले असं लिहायला हवं, पण बकुळा गेली म्हणूनही रडले.

डॉ. कमलाकांत भेटायला आले, फळं घेऊन. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं की हे घरी घडलं आहे, आपल्या आकड्यांत धरायचं कारण नाही. पथकासमोर विषय नको. मी म्हटलं, सर, पुढच्या वर्गात मी हेच सांगणार आहे. त्यांनी सुचवलं की मग नाव बदलून सांगा. मी विचारलं, कुणाचं, पेशंटचं की नर्सचं? ते फळं ठेवून निघून गेले. संत्री होती. बाहेरची, आंबट.

३ फेब्रुवारी, सोमवार

शेखर भाऊजी अकोल्याहून आले. खाटेशी उभे राहून गजेंद्रला, पण मला ऐकू येईल असं, बोलत होते. घरात नर्स असून ही वेळ येते. माणसं नर्सच्या भरवशावर म्हातारी माणसं सोडतात. हॉस्पिटलात मोठं पद आहे म्हणे. तीन डॉक्टर कुणी गाठले, फोनवर गोळी कुणी ठरवली, हे त्यांच्या बोलण्यात कुठे आलं नाही. गजेंद्र मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होता. काय वाचत होता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

उत्तर माझ्याकडे होतं, चांगलं टोकदार. पण त्यात भाऊजींची चूक निघाली असती, माझी झाकली गेली नसती.

सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. दोघे चहाला गेले तेव्हा त्यांनी डोळे उघडले. झोपल्या नव्हत्याच.

"तुले माहीत होतं का?"

"माहीत असायला पाहिजे होतं, आई."

"मी ते नाई इचारलं. माहीत होतं का?"

खोटं बोलता आलं असतं, ड्युटीचा ताण, तपासणी, सगळं तयार होतं.

"दिसत होतं," मी म्हटलं. "पण पाहिलं नाही. तुम्ही माझ्याशी चांगलं बोलत होत्या. मला ते थांबायला नको होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही नजर मी ओळखते, बागेत फळाला डाग दिसला की त्या असंच पाहतात.

"काय बोलली मी?"

मी सांगितलं. हळदीकुंकू, केसांचं तेल, सगळं.

"ते बकुळेले बोलली असन."

"हो. मला कळत होतं."

"मंग? तरी तुले बरं वाटलं?"

"वाटलं."

त्यांनी उशी उंच करायला सांगितली. मी केली. "अजून," म्हणाल्या. अजून केली. एवढंच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाईंना सुट्टी मिळाली. म्हणजे हॉस्पिटलातून, बाकी कशातून नाही.

सामान भरताना शेखर भाऊजींनी जाहीर केलं की आई आता अकोल्याला येईल. तिथे मोठे डॉक्टर आहेत, त्यांच्या बायकोला नोकरी नाही, लक्ष राहील. गजेंद्रने मान हलवली. त्याची मान आमच्या ऑफिसच्या पंख्यासारखी नाही, ती नेहमी हो म्हणते. मी कपडे घडी करत राहिले. माझा कुठला हक्क सांगू?

सासूबाई पलंगाच्या कडेला बसून स्वतःच्या चपला घालत होत्या. दोन्ही पायांत, आपल्या आपण.

"मी दामिनीकडं जाईन," त्या म्हणाल्या.

शेखर भाऊजी समजावू लागले की आई, जे झालं ते तिच्याच हातून झालं. मीही मनात तेच म्हणत होते.

"म्हनूनच," सासूबाई म्हणाल्या. "हे एकडाव चुकली. आता हे भेऊन राहीन. तू अजून चुकलाच नाई, शेखर. मले तुहंच भेव वाटते."

भाऊजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार, पण मी पाहिला नाही. मी हातातल्या साडीची घडी चार वेळा मोडून पुन्हा घातली.

रिक्षात त्यांनी रामरावांना फोन लावला. व्यापाऱ्याने काय भाव दिला ते ऐकलं आणि त्याला सांगायला जो निरोप दिला तो इथे लिहिण्यासारखा नाही. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं. सौदा मोडला. फोनवर रामराव इतके मोठ्याने हसले की मलाही ऐकू आलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गात सांगितलं. पेशंट माझ्या सासूबाई, नर्स मी. नाव बदललं नाही. या वेळी कुणी फोटो काढला नाही. वर्ग संपल्यावर एकजण थांबली आणि म्हणाली की तिच्या आजोबांनाही हल्ली भिंतीवर माणसं दिसतात. ती घरी फोन लावायला पळाली.

घरी मात्र माझी रोज तोंडी परीक्षा असते. आता औषधं मोजकीच उरली आहेत, पण प्रत्येक गोळी हातात ठेवली की सासूबाई विचारतात, ही कायची, कशानं काय होते, न घेतली तर काय होते. उत्तर पटलं तर गोळी तोंडात, नाही तर मुठीत. पडदे बदलून झाले, त्यांच्या पसंतीचे. मला मुळीच आवडलेले नाहीत. तेलाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आज पायांच्या मुंग्यांसाठी आमच्या फिजिशियननी एक नवीन गोळी लिहून दिली. सासूबाईंनी विचारलं, बीपीच्या गोळीसोबत ही चालते का? चालत असावी, असं मी म्हणणार होते. जीभ तिथेच अडली. मी फिजिशियनना फोन लावला. ते राउंडवर होते, थांबा म्हणाले. मी फोन कानाला लावून उभी राहिले.

सासूबाई समोर बसल्या होत्या, गोळी मुठीत, ओठ घट्ट मिटून, डोळे माझ्यावर. लग्न झाल्यापासून माझी एकच इच्छा होती, की या बाईंनी कधीतरी तोंड बंद ठेवावं. ती ही अशी पूर्ण झाली. आणि मी देवाला म्हणत होते की डॉक्टर लवकर फोनवर येऊ देत.